मावशीच्या कपाळाची उजवी बाजू

माझ्या मावशीच्या कपाळावर पाच आडव्या आठ्या होत्या आणि दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या. हे मी प्रेमानं मोजलेलं नाही, कामाचा भाग म्हणून मोजलेलं आहे. मी एका त्वचेच्या दवाखान्यात फोटो काढतो. माणसानं सुई टोचून घेण्याआधी एक आणि नंतर एक. 'आधी'च्या फोटोला दिवा डोक्यावरून सोडायचा. प्रत्येक खळग्यात सावली पडते आणि सज्जन माणूससुद्धा फरारी वाटायला लागतो. 'नंतर'च्या फोटोला दिवा समोरून, पांढऱ्या कापडाआडून, आणि माणसाला सांगायचं की उद्या सुट्टी आहे असं समजा. औषधाचा परिणाम होतोच, नाही असं नाही. पण दिवा त्याला हात देतो. माझ्या ओळखपत्रावर छायाचित्रकार असं लिहिलंय. खरं तर मी दिवा हलवणारा आहे.

मावशी घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात तक्रारी लिहून घ्यायची. सव्वीस वर्षं. फ्रिज गार होत नाही, वॉशिंग मशीन थरथरत थरथरत दारापर्यंत येतं, मिक्सर एक फेरी मारून मान टाकतो, इस्त्री तापत नाही आणि तापली की थांबत नाही. माणसं येताना घरून वाक्यं पाठ करून यायची. काही जण तर बायकोसमोर तालीम करून आलेले असायचे. मावशी उलट एक शब्द बोलायची नाही. ती ऐकायची, आणि ऐकताना तिचं कपाळ चालायचं. 'मग सगळं पाणी हॉलमध्ये' म्हटलं की पाची आठ्या वर. 'आणि तुमचा माणूस म्हणतो, पाणी तुमचंच आहे' म्हटलं की उभ्या दोघी एकमेकींना भेटायच्या. तिसऱ्या वाक्याला समोरच्याचा आवाज खाली यायचा. पाचव्याला तो स्वतःच म्हणायचा की तसं मशीन जुनंच आहे हो, त्याचंही वय झालं.

मावशीला हे काम आवडायचं. म्हणजे ती तसं कधी म्हणाली नाही, पण रविवारी ती जरा कोमेजलेली असायची.

त्या केंद्राला नवे साहेब आले. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण पहिल्याच बैठकीत त्यांनी 'टवटवीत' हा शब्द अकरा वेळा वापरला आणि त्यानंतर त्यांचं दुसरं नाव कुणाला आठवेना. टवटवीत साहेब वाईट नव्हते. दारात झाडं ठेवली, भिंती लिंबाच्या रंगाच्या केल्या, बंद पडलेलं घड्याळ काढून चालू असलेलं लावलं. मग त्यांची नजर कर्मचाऱ्यांवर गेली. परिपत्रक निघालं की गिऱ्हाइकासमोर बसणाऱ्यांचे चेहरे टवटवीत दिसावेत. थकलेला चेहरा पाहून गिऱ्हाइकाला यंत्रही थकल्यासारखं वाटतं. ज्यांना वर्षअखेरीपर्यंत हे जमणार नाही त्यांची सोय भांडारात केली जाईल.

समोर बसणाऱ्या चौघी होत्या. तिघी तिशीच्या आतल्या. म्हणजे परिपत्रक अनेकवचनात होतं, पण त्याचा अर्थ एकवचनी होता.

भांडार तळघरात होतं. तिथे रबरी रिंगा, स्क्रू आणि एक पंखा. तिघांपैकी कुणाचीच कशाबद्दल तक्रार नाही. तिथे बसलेल्या माणसाशी दिवसभरात कुणी बोललंच तर 'अर्ध्या इंचाचा आहे का' एवढंच. मावशीनं ते परिपत्रक घरी आणलं आणि जेवताना वाचून दाखवलं. काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक बऱ्याच वर्षांनी, आणि विचारलं की टवटवीत म्हणजे नक्की कुठे. मावशी म्हणाली, ते लिहिलेलं नाही. काका म्हणाले, मग मोघम आहे, सोडून दे. काका आयुष्यभर जमिनीची मोजणी करत आलेले, त्यांना हद्दी लागतात.

पण मावशीला सोडून देता येईना. खुर्ची जाणार होती. ती मला म्हणाली, तुझ्याकडे करतात ना रे असलं काहीतरी?

आता इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे. माझा हेतू चांगला होता. आमच्या डॉक्टरबाई वर्षातून एकदा सहा नव्या डॉक्टरांना शिकवतात. त्यासाठी एक जिवंत माणूस लागतो. त्याच्या चेहऱ्याची आधी एकच बाजू करायची. बारा दिवसांनी सगळ्यांनी पुन्हा जमायचं, दोन बाजू शेजारी शेजारी बघायच्या, वहीत लिहायचं आणि मग उरलेली बाजू पुरी करायची. त्या माणसाला सगळं फुकट. मी मावशीचं नाव दिलं. बारा दिवस अर्ध्या चेहऱ्यानं कामावर जायचं ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही असं नाही. मला वाटलं, कोण बघतंय.

ठरलेल्या दिवशी मावशी खुर्चीत आडवी आणि भोवती सहा तरुण डॉक्टर, एकाच्याही कपाळावर रेघ नाही, सगळे उकडलेल्या अंड्यासारखे. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. ज्या आठ्या स्नायू आकसून पडतात त्यांच्यासाठी सुई, स्नायू काही महिने झोपतो. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते तिच्यात भरण, ते जेलीसारखं असतं. डाग असतील तर वरची कातडी उतरवणारं औषध, नाहीतर लेझर. मावशीनं आडव्या आडव्या विचारलं, आणि चोपन्न वयाला यातलं काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळंच, थोडं थोडं. त्या दिवशी मात्र फक्त सुईचा धडा होता.

पांढऱ्या पेन्सिलीनं कपाळाच्या बरोबर मधोमध रेघ मारली. काका असते तर खूश झाले असते. मग उजवीकडे ठिपके द्यायचे होते, त्यासाठी राग आणायला सांगितलं, म्हणजे स्नायू कुठे उचलतो ते दिसतं. मावशीला राग येईना. अनोळखी सहा मुलं वाकून बघत असताना तिला उलट हसू यायला लागलं. मी मागून म्हटलं, मावशी, परिपत्रक. ठिपके पटापट पडले.

टोचून झाल्यावर सांगितलं की चार तास आडवं व्हायचं नाही आणि चोळायचं नाही. मावशी चार तास बसस्टॉपवरच्या माणसासारखी ताठ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उजवी भुवई आळसावली. सहाव्या दिवशी उजव्या बाजूला काही घडायचंच बंद झालं. डावीकडे पाची आठ्या कामाला लागायच्या, वर यायच्या, निम्म्या कपाळापर्यंत धावत जायच्या आणि हद्दीवर थांबायच्या. पलीकडे सगळं गुळगुळीत. काका जेवायला तिच्या उजवीकडे बसायचे, ते न बोलता डावीकडे येऊन बसले. विचारलं तर म्हणाले, इकडे काय चाललंय ते कळतं.

आता मावशीच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. साहेबांनी ते आल्या आल्या सुधारलं होतं. समोर संगणक, कारण गिऱ्हाईक सांगत असतानाच तक्रार टाइप झाली पाहिजे. गिऱ्हाइकाला दोन खुर्च्या, एक मावशीच्या उजव्या हाताला, एक डाव्या हाताला. मोठी यंत्रं उजवीकडे, छोटी डावीकडे. एकाची तक्रार लिहून होते तोवर दुसऱ्यानं बसून घ्यायचं, वेळ वाचतो. आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक डबी. तिच्यावर एक हिरवा हसरा चेहरा, एक लाल दुर्मुखलेला. उठताना कुठलातरी एक दाबायचा.

थोडक्यात, प्रत्येक गिऱ्हाइकाला मावशीची एकच बाजू दिसायची. हे साहेबांनी मुद्दाम केलेलं नव्हतं. ते मुद्दाम करायचं ठरवलं असतं तर त्यांना इतकं चांगलं जमलं नसतं.

डावीकडे एक गृहस्थ आले, लहान मुलांचे कपडे धुवायच्या छोट्या मशीनची तक्रार घेऊन. ते मशीन मोजे खातं, आणि तेही फक्त डाव्या पायाचे. त्यांनी पुरावा म्हणून उजव्या पायाचे एकोणीस मोजे पिशवीतून आणले होते. डाव्या पायाचा मोजा आणि उजव्या पायाचा मोजा यात फरक काय, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. मावशीच्या डाव्या बाजूनं विचारलं नाही. आठ्या वर गेल्या, मोजे बघितले, आठ्या खाली आल्या. गृहस्थ हिरवा चेहरा दाबून गेले, मोजे तिथेच विसरून.

उजवीकडे त्याच वेळी एक बाई सांगत होत्या की फ्रिजमध्ये भाजीचा दगड होतो. मावशी तितक्याच मन लावून ऐकत होती. पण त्या बाईंना दिसत होता तो एक इस्त्री केलेला चेहरा. त्यांनी आवाज चढवला. मग आणखी चढवला. शेवटी त्या म्हणाल्या की मी इथे भिंतीशी बोलायला आले नाही, आणि लाल चेहरा इतक्या जोरात दाबला की डबी खाली पडली.

असं रोज व्हायला लागलं. मावशीनं ते सहन केलं. तिचं म्हणणं, बारा दिवसांचा प्रश्न आहे, मग दोन्ही बाजू सारख्या होतील, मग सगळेच सारखे ओरडतील, सवय होईल. ही तडजोड तिनं मनाशी केलेली होती. नवव्या दिवशी ती मोडली.

नवव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ उजव्या खुर्चीत बसले. फ्रिज रात्रंदिवस घरघरतो म्हणाले. आधीही घरघरायचा, पण त्यांची बायको त्याला कुठेतरी एक थापटी मारायची, की गप्प व्हायचा. ती दोन महिन्यांपूर्वी गेली. आता थापटी नक्की कुठे मारायची ते त्यांना माहीत नाही. वर मारून पाहिली, बाजूला मारून पाहिली, दार उघडून आतून मारून पाहिली. कंपनीला माहीत असेल तर सांगावं.

मावशी टाइप करायची थांबली. तिचं सगळं कपाळ त्यांच्याकडे धावलं असणार, पण त्यांच्या बाजूला पोचलं काहीच नाही. गृहस्थ तिच्या गुळगुळीत उजव्या बाजूकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या. तुम्हाला काय त्याचं." आणि उठले. कुठलाच चेहरा न दाबता, तक्रार न नोंदवता गेले. मावशी खुर्ची सारून उठेपर्यंत दारातून बाहेर, आणि दारापर्यंत पोचेपर्यंत रस्त्यावरच्या गर्दीत. नाव नाही, पत्ता नाही, फ्रिजचं मॉडेल नाही. सव्वीस वर्षांत तक्रार न देता तिच्यासमोरून उठून गेलेला तो पहिला माणूस.

बाराव्या दिवशी ती दवाखान्यात आली. सहाही अंडी वह्या घेऊन हजर. मी तिचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले. डॉक्टरबाईंनी ते पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि खोलीत एकदम समाधान पसरलं. उजवी बाजू खरोखर सुंदर झाली होती, डॉक्टरबाईंचा हात चांगला आहे. त्यांनी पेन्सिल उचलली आणि डाव्या बाजूसाठी वाकल्या.

"नको," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंना वाटलं सुईची भीती. त्यांनी बर्फ मागवला.

"सुई चालेल. बाजू नको. ही माझ्याकडे राहू दे."

मग समजूत घालणं सुरू झालं. असं अर्धवट कुणी सोडत नाही, दोन्हीकडे वेगळं दिसतं, बाहेर कुणी विचारलं तर दवाखान्याचं काय. मावशी म्हणाली, विचारलं तर मी सांगेन की डॉक्टरबाईंनी चोख केलं, राहिलं ते माझ्यामुळे. डॉक्टरबाईंनी मला नजरेनं विचारलं की ही तुझीच का. मी नजरेनं सांगितलं की आईकडून. एका नव्या डॉक्टरनं हात वर करून विचारलं की आता वहीत उरलेल्या पानावर काय लिहायचं. मावशीनं त्याला सांगितलं, लिही, बाईनं दिली नाही.

मला वाटलं, आता मावशीला भांडार. साहेबांनी तिला बोलावलंही. पण ते बोलावणं भलत्याच कामासाठी निघालं.

टवटवीत साहेब डब्यांचे आकडे दर शुक्रवारी स्वतः बघायचे. त्यांच्या लक्षात आलं की मावशीच्या एकाच टेबलावर उजवी डबी लालेलाल आणि डावी हिरवीगार. आधी त्यांना वाटलं, मोठी यंत्रं बिघडली की माणूस जास्त चिडतो. म्हणून त्यांनी मोठी यंत्रं डावीकडे आणली आणि छोटी उजवीकडे. फ्रिजवाले हिरवं दाबायला लागले आणि इस्त्रीवाले लाल. मग त्यांनी डब्यांची अदलाबदल केली. मग खुर्च्यांची. मग एक दिवस स्वतः गिऱ्हाईक होऊन दोन्ही खुर्च्यांवर पाच पाच मिनिटं बसले आणि घरच्या टोस्टरची एकच तक्रार दोनदा सांगितली. उजवीकडे त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. डावीकडे बोलता बोलता त्यांनी लहानपणीचंही काही सांगितलं, जे मावशीनं मला सांगायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन वाजला. मीच घेतला. पलीकडचे गृहस्थ विचारत होते की आठ्या घालून मिळतात का. मी विचारलं, काढून? ते म्हणाले, नाही, घालून, तिशीच्या आतल्या तीन मुली आहेत. मी विचारलं, आडव्या की उभ्या. ते म्हणाले, पाच आणि दोन. तेव्हा मला कळलं की हे कोण बोलतंय. मी सांगितलं की सध्या ती सोय नाही, पण सव्वीस वर्षांत होऊन जातं.

तर साहेबांनी मावशीला बोलावलं. पुढचं मला मावशीनं सांगितलं, आणि ती समोरच्याचं बोलणं शब्दशः लिहून घेणारी बाई आहे, त्यामुळे ते तसंच घडलं असणार. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, तिच्या डाव्या हाताला स्वतः बसले. परिपत्रक चुकलं हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. आता नवं काढलंय म्हणाले. मावशीचं कपाळ कंपनीच्या कामाचं साधन म्हणून नोंदवायचं. तिनं एका कागदावर सही करायची की यापुढे आठ्यांना धक्का लावणार नाही, कुठलंही क्रीम लावणार नाही, उन्हात टोपी घालेल आणि दर सहा महिन्यांनी मोजणी करून देईल. बदल्यात खुर्ची कायमची. शिवाय तिघी मुलींना रोज अर्धा तास आठ्या शिकवायच्या.

माझ्यासारख्या माणसानं तिथेच सही केली असती. खुर्ची मिळत होती, तीही मानानं. घरी काकाही नंतर म्हणाले की मोजणीला माणूस घरचाच होता.

"गेल्या वेळी तुम्ही म्हणालात आठ्या काढा," मावशी म्हणाली. "आता म्हणता राखा. मधे कपाळ तुमच्या नावावर कधी झालं?"

"बाई, अहो मी तुमच्याच बाजूनं बोलतोय."

"कुठल्या?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला.

मावशीनं तो परत सरकवला. "त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत म्हणून राहणार नाहीत, साहेब. माझ्या आहेत म्हणून राहतील. उद्या सगळं गाव लाल दाबायला लागलं तरी राहतील. आणि उद्या माझ्या मनात आलं तर मी सगळ्या काढून टाकीन आणि तुम्हाला पोस्टकार्डसुद्धा टाकणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. हा माणूस आपली चूक कबूल करून, वर बक्षीस देऊन, वर नकार ऐकत होता. असं झालं की चांगला माणूस वाईटापेक्षा जास्त चिडतो. संध्याकाळी आदेश निघाला: सोमवारपासून भांडार. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, असहकार.

शनिवारी सकाळी मावशीचा मला फोन आला. कॅमेरा घेऊन ये म्हणाली. मी पोचलो तर ती तिच्या खुर्चीत नव्हती. टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाकावर, हातात टोकन घेऊन बसली होती. नंबर चौदा. तेरा नंबरचा मिक्सर शेजारच्या मुलीनं घेतला. चौदा पुकारला तेव्हा मावशी उठली, उजव्या खुर्चीत बसली, फॉर्म भरला, मग उठून टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत गेली, फॉर्म पुढ्यात घेतला, नीट वाचला, 'बरं' म्हणाली आणि टाइप करायला लागली.

फॉर्म मी वाचला आहे. यंत्राचा प्रकार: चेहरा. बनावटीचं वर्ष: तिचं जन्मसाल. दोष: उजवी बाजू चालत नाही. दोष केव्हापासून: तारीख. दोषाचं कारण: केंद्रप्रमुखांचं परिपत्रक, त्याचा क्रमांक. अपेक्षित दुरुस्ती: होतं तसं. खाली एक चौकट होती, बिघडलेल्या भागाचा फोटो. त्यासाठी मी.

मी सवयीनं दिवा शोधायला लागलो, वरून सोडू की समोरून. मावशी म्हणाली, काही हलवू नकोस, आहे तसा काढ. वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात मी तिचा फोटो काढला. एक बाजू रागावलेली, एक बाजू कुठे लक्षच नसलेली. माझ्या नोकरीतला तो एकच फोटो आहे जो आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही.

साहेब धावत आले. हे काय चाललंय म्हणाले. मावशीनं त्यांना कंपनीचं जुनं नियमांचं पुस्तक दिलं, नियम पंधरावर कागदाची खूण घालून. फार पूर्वी काही साहेब लोक अडचणीची तक्रार आली की ती लिहून घेणाऱ्यालाच दुसरीकडे हलवायचे, म्हणजे तक्रार आपोआप पोरकी व्हायची. म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं नियम केला होता. तक्रार मिटेपर्यंत ती लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली करू नये. आणि ती मिटली हे तक्रारदारानं स्वतः सही करून सांगावं.

साहेबांनी नियम दोनदा वाचला. मग पुस्तक उलटं करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मग मुख्य कार्यालयाला विचारलं. तिकडून उत्तर आलं की नियम पंधरा लागू आहे, फक्त 'चेहरा' हा प्रकार कंपनीच्या यादीत सापडत नाही, तरी तो मोठ्या यंत्रांत धरावा की छोट्या, ते कळवावं. साहेबांनी बराच विचार करून 'मोठ्या' असं कळवलं.

मोठ्या यंत्राची तक्रार आली की सात दिवसांत मिस्त्री पाठवावा लागतो. केंद्रातला सगळ्यात जुना मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन मावशीसमोर बसला. मावशीला म्हणाला, वर बघा, रागवा, आता हसा. कपाळाजवळ कान नेऊन ऐकलं. त्याचा अहवाल मी माझ्याकडे जपून ठेवलाय: 'भाग बंद आहे. जळालेला नाही. जबरदस्ती करू नये. वाट पाहावी.' डॉक्टरबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर आहे, कुठे शिकला हा.

मावशीनं वाट पाहिली. आपल्या खुर्चीत बसून. संगणक थोडा तिरका करून घेतला आणि सांगणाऱ्याकडे पूर्ण वळून बसायला लागली. त्यामुळे टाइप व्हायला वेळ लागायचा आणि रांग वाढायची. साहेब काचेआडून बघत राहायचे. तक्रार चालू असलेल्या यंत्राला हात लावता येत नाही, आणि इथे यंत्रच खुर्चीत बसलेलं.

चौथ्या महिन्यात उजवी भुवई हलली. काकांनी पहिल्यांदा पाहिलं, जेवताना. त्यांनी भाजीत मीठ जास्त आहे असं म्हटलं आणि दोन्ही भुवया वर गेल्या. काका टाळी वाजवून हसले आणि मिठाची भाजी पूर्ण खाल्ली. मग एकेक आठी हद्द ओलांडून पलीकडे जायला लागली. मधली आधी, मग तिच्या वरची. शेवटची उभी सगळ्यात उशिरा, एका सोमवारी, कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या तक्रारीला.

त्याच आठवड्यात टवटवीत साहेब फाइल घेऊन मावशीच्या टेबलाशी आले. मी तिथेच होतो, मावशीला डबा द्यायला आलो होतो. साहेब बरेच वाळले होते. रांगेत नंबर लागेपर्यंत थांबले, कारण रांगेत बाकीचे बघत होते. मग डाव्या खुर्चीत बसले. म्हणाले की दुरुस्ती पूर्ण झालेली दिसते, मिस्त्रीनंही तसं लिहून दिलंय, तर बाईंनी इथे सही करावी.

मावशीनं फाइल उघडून सगळी पानं वाचली. मग त्यांच्याकडे पूर्ण वळली.

"दुरुस्ती झाली," ती म्हणाली. "तुम्ही त्यात काय केलंत?"

साहेब म्हणाले, म्हणजे, आम्ही वाट पाहिली.

"ती मी पाहिली."

साहेबांनी आवाज खाली आणून एक वाक्य सुरू केलं, ते अर्ध्यावर सोडलं, दुसरं सुरू केलं. त्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याला ते कधी म्हणायची सवय नव्हती. मावशी ऐकत होती. कपाळ चालू होतं, इकडून तिकडे, पूर्ण.

"परिपत्रक मागे घेतो," साहेब शेवटी म्हणाले. "दोन्ही. काढायचंही आणि राखायचंही."

"लेखी?"

"लेखी."

"मग ते लावा भिंतीवर. लागलं की मी वाचीन. पटलं तर सही करीन."

"आणि नाही पटलं तर?"

मावशीनं फाइल बंद केली, 'चालू' असं लिहिलेल्या खणात ठेवली आणि खण सारला. साहेब आणखी काही विचारतील म्हणून मी पाहत होतो, पण मागे एक बाई इस्त्री छातीशी धरून केव्हाच्या उभ्या होत्या, आणि मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाली होती, या, बसा, सांगा काय झालं. साहेबांना उठून खुर्ची द्यावी लागली.